तीस गॅलनची कृती, वीस लिटरचे पातेले

१/
प्लासीची लढाई झाली ते १७५७ साल. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे, व्हर्जिनियाच्या पलटणीतील पंचवीस वर्षांच्या एका कर्नलने आपल्या वहीत घरगुती हलक्या बिअरची कृती टिपून ठेवली. कर्नलचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. ती वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात आहे. कृती अवघ्या काही ओळींची. पण हौशी मंडळी ती 'अस्सल' म्हणून आपापल्या स्वयंपाकघरात करून पाहतात आणि अभिमानाने छायाचित्रे टाकतात.

माझे म्हणणे असे : जुनी कृती अक्षरशः पाळणारा माणूस तिच्याशी इमान राखतोच असे नाही. आकडे बदलल्यावाचून ती आपल्या भांड्यात उतरत नाही. आणि कोणते आकडे का बदलले हे नोंदवल्यावाचून त्या पेयाला इतिहास म्हणता येत नाही. #थ्रेड

२/
आरंभीच एक खुलासा. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे लेखन चुलीवर चढवण्यासाठी नाही. साधने वाचण्याच्या शिस्तीविषयी आहे.

मग उदाहरणाला बिअरच का? बखरीतील वाक्याचा चुकीचा अर्थ लावला तर तो शंभर वर्षेही खपून जातो. बिअरच्या कृतीचा चुकीचा अर्थ लावला, तर पिंप आठवड्याभरात निकाल देते.

३/
वॉशिंग्टनच्या नोंदीचा सारांश असा. मोठी चाळण भरून कोंडा घ्यावा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले, चवीप्रमाणे घ्यावीत. तीन तास उकळावे. गाळून तीस गॅलन पाणी निववण्याच्या भांड्यात घ्यावे आणि ते कढत असतानाच त्यात तीन गॅलन मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक, मिसळावी. रक्ताहून किंचित अधिक कोमट राहिले की एक क्वार्ट यीस्ट घालावे. थंडी फार असेल तर वर घोंगडी टाकावी. चोवीस तासांनी पिंपात भरावे, आठवड्याने बाटल्यांत.

आता समजा, हे सारे वीस लिटरच्या घाण्यात, म्हणजे एका वेळच्या खेपेत, बसवायचे आहे. भागाकार केला की झाले?

४/
पहिला प्रश्न : कोणता गॅलन? त्या काळी इंग्रजी मुलखांत वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा (सुमारे ३.७९ लिटर) होता आणि एलचा, म्हणजे बिअरचा, २८२ घन इंचांचा (सुमारे ४.६२ लिटर). ब्रिटनचा इम्पीरियल गॅलन १८२४च्या कायद्याने आला. तेव्हा वॉशिंग्टनला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. पहिल्या दोन गॅलनांत फरक सुमारे २२ टक्क्यांचा, आणि वहीत नुसताच 'गॅलन'.

पण सगळीकडे एकच गॅलन धरला असेल, तर तीसास तीन म्हणजे दहास एक. क्वार्ट हा गॅलनचा चौथा हिस्सा, म्हणून यीस्ट एकशेवीसास एक. वीस लिटरच्या घाण्याला साधारण १८.२ लिटर पाणी, १.८ लिटर मळी, दीडशे मिलिलिटर यीस्ट. गॅलन कोणताही असो, हे प्रमाण हलत नाही. निरपेक्ष आकडा संदिग्ध असतानाही प्रमाण टिकून राहते, हा पहिला धडा.

५/
महाराष्ट्राच्या इतिहासाचे वाचक या अडचणीला सरावलेले आहेत. शेर, पायली, मण, खंडी ही मापे जुन्या कागदांत पानोपानी भेटतात आणि पायली प्रांतागणिक बदलत असे. शिवाय पायली हे आकारमानाचे माप. त्याच पायलीत भात, गहू आणि नाचणी यांचे वजन वेगवेगळे भरते.

इंग्रजी बुशेलची गोष्ट हीच. माल्टचा, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या धान्याचा, बुशेल पुढे ब्रिटनमध्ये ४२ पौंडांचा मानला गेला आणि अमेरिकेत ३४ पौंडांचा. ब्रिटिश पुस्तकातील बुशेल अमेरिकी पौंडांत उतरवणाऱ्याची बिअर पातळ होते. दोष ना धान्याचा, ना पुस्तकाचा.

६/
दुसरा धडा पहिल्याला छेद देतो : सगळेच प्रमाणात घटत नाही.

तीन तासांची उकळी घ्या. घाणा लहान केला म्हणून वेळ कमी करून चालत नाही. घरच्या रुंद तोंडाच्या पातेल्यातून तासाला तीन लिटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले, तर तीन तासांत नऊ लिटर गेले. शेवटी १८.२ लिटर हवे असेल तर आरंभी २७ लिटरांहून अधिक घ्यावे लागेल. कोंडा पिऊन बसेल ते पाणी वेगळेच. म्हणजे वीस लिटरच्या घाण्याला वीस लिटरचे पातेले पुरतच नाही.

वॉशिंग्टनने आरंभीचे पाणी लिहिलेले नाही. त्याचे तीस गॅलन गाळल्यानंतरचे आहेत. आकडा किती आहे याइतकेच तो कोणत्या टप्प्यावर मोजला आहे हे पाहावे लागते.

७/
यामागे जुना भौमितिक नियम आहे; गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात तो प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात मांडला. भांड्याच्या सर्व बाजू दुप्पट केल्या की पृष्ठभाग चौपट होतो आणि आत मावणारे द्रव्य आठपट. वाफ पृष्ठभागावरून जाते, उष्णताही तिथूनच निसटते. म्हणून मोठे भांडे सावकाश निवते आणि लहान चटकन. वॉशिंग्टनची घोंगडी तीस गॅलनच्या भांड्यासाठी 'फार थंडी असेल तर' होती. लहान पातेल्याला ती बरीच आधी लागेल.

उलट 'रक्ताइतके कोमट' ही खूण कोणत्याही घाण्याला जशीच्या तशी लागू पडते, कारण ती वेळ सांगत नाही, अवस्था सांगते. आपल्याकडचा 'एकतारी पाक' याच जातीचा. पाक वाटीभर असो वा कढईभर, तार एकच.

८/
तिसरी बाब क्रमाची. नोंदीत मळी उकळीनंतर पडते. म्हणजे हॉप्स उकळतात ती कोंड्याच्या पातळ पाण्यात. हॉप्समधील कडवट द्रव्य पातळ पाण्यात अधिक उतरते, गोड आणि दाट रसात कमी. आजच्या सवयीने कोणी मळी आधीच ओतून उकळली, तर साहित्य तेच, मापे तीच, पण कडवटपणा निराळा. साहित्याच्या यादीइतकाच क्रमही पुरावा असतो.

आणि मळी तरी तीच कुठे आहे? त्या काळी साखरेचे शंकू निथळत ठेवून मळी गोळा करीत, तिच्यात साखर बरीच राहून जाई. आधुनिक कारखान्यात यंत्राने पुन्हा पुन्हा साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी अधिक कडू आणि कमी गोड. १.८ लिटरचा आकडा बिनचूक काढला, तरी त्यात पूर्वीची गोडी भरेलच असे नाही.

९/
वजन, माप, वेळ यांपैकी एकही पूर्ण भरवशाचे नसेल, तर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न्यायचे तरी काय? उत्तर अठराव्या शतकानेच शोधले : रसात विरघळलेल्या साखरेचे प्रमाण. पाण्याची घनता १.००० धरली, तर रसाची १.०४५ आहे की १.०९०, हे हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या उपकरणाने कळते.

हॅम्पशायर परगण्यातील ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने १७६०च्या दशकाच्या अखेरीस तो बिअरसाठी वापरून पाहिला. तोही वडिलांच्या चोरून, कारण त्यांना हे खूळ पसंत नव्हते. लंडनचा बडा उत्पादक सॅम्युएल व्हिटब्रेड याने त्याला वाटेला लावले. डॉ. जॉन्सनचा स्नेही हेन्री थ्रेल याने मात्र त्याचे ऐकून घेतले.

१०/
१७८४मध्ये हल येथील जॉन रिचर्डसनने या उपकरणाच्या वापरावर ग्रंथ छापला. बिअरवाल्यांत ते सॅकरोमीटर म्हणून ओळखले जाऊ लागले. हिशेब सोपा : पिंपभर रस हा पिंपभर पाण्यापेक्षा किती पौंडांनी जड?

या एका प्रश्नाने बाजार हलला. लंडनची प्रसिद्ध पोर्टर बिअर तपकिरी माल्टची होती, कारण तो स्वस्त. मोजल्यावर दिसले की फिकट माल्ट महाग असला तरी साखर इतकी अधिक देतो की अंती तोच परवडतो. तपकिरी माल्ट मागे पडत गेला. रंगाची उणीव राहिली. ती भरून काढणाऱ्या काळ्या भाजक्या माल्टचे पेटंट डॅनियल व्हीलरने १८१७मध्ये घेतले. पोर्टर हे नाव तेच राहिले आणि आतले पेय बदलले.

११/
अक्षरनिष्ठांची खरी कसोटी इथे लागते. १७५०च्या सुमाराची पोर्टरची कृती सांगते : सगळा माल्ट तपकिरी. आजही 'ब्राउन माल्ट' याच नावाचा माल्ट विकत मिळतो. पण तो इतका भाजलेला असतो की स्टार्चची साखर करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यात उरलेली नसतात. नुसता तोच गरम पाण्यात भिजवला तर साखर तयार होत नाही, आणि साखर नाही तर यीस्टला खाद्य नाही. जुना तपकिरी माल्ट लाकडाच्या आगीवर निराळ्या रीतीने वाळे आणि स्वतःची साखर स्वतः करण्याची शक्ती राखून असे.

म्हणजे शब्दाला जागलात तर बिअरच होत नाही. फिकट माल्ट मिसळून शब्द मोडलात तर जुन्या पोर्टरच्या जवळपास तरी पोचता. इमान कशाशी राखायचे, शब्दाशी की वस्तूशी, हा प्रश्न इतक्या उघडपणे फार थोड्या साधनांत समोर येतो.

१२/
माल्ट भिजवण्याच्या पाण्याचे तापमानही पूर्वी आकड्यांत नव्हते. उकळलेले पाणी निवू द्यायचे. वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट टाकायचा, अशी जुनी खूण. मायकेल कोम्ब्रून याने १७६२च्या ग्रंथात तापमापकाचा पुरस्कार केला. आज आपण ६५ ते ६७ अंश सेल्सिअस म्हणतो.

चेहऱ्याची खूण अवस्थेचीच; पण ती हवेवर अवलंबून. थंडीत वाफ अधिक वेळ दिसते, उन्हाळ्यात कमी. म्हणून अवस्थेच्या खुणाही डोळे मिटून स्वीकारू नयेत. ती खूण कोणत्या ऋतूत, कोणत्या मुलखात तयार झाली हे पाहून घ्यावे.

१३/
लहान घाण्याला जे कधीच साधत नाही असेही काही असते. लंडनच्या पोर्टरची चव तिच्या अवाढव्य लाकडी टाक्यांत महिनोन्महिने मुरण्यातून येई. त्या चवीमागे एक वेगळे, सावकाश काम करणारे यीस्ट होते, हे कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने १९०४मध्ये दाखवून दिले. वीस लिटरच्या भांड्यात लाकूड, हवा आणि रस यांचे ते गुणोत्तर येणार कुठून?

त्या टाक्यांचा आकार ही निरुपद्रवी बाब नव्हती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्स शू ब्रूअरीतील बावीस फूट उंचीची टाकी फुटली. लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जणांचा जीव गेला. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुले होती. मोठ्या घाण्याची चव आठवताना त्याची किंमतही आठवावी.

१४/
आता विसाव्या शतकात येऊ. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तेव्हा पाब्स्ट, ॲनहायझर-बुश यांसारख्या बिअर कंपन्यांनी माल्टचा आटवलेला रस, म्हणजे माल्ट एक्स्ट्रॅक्ट, डब्यांतून विकायला काढला. जाहिरातीत तो पाव भाजण्यासाठी होता. पुढचे गिऱ्हाइकाला सांगावे लागत नसे.

बंदी उठल्यावर घरी वाइन करण्याची मुभा मिळाली, बिअरची मिळाली नाही. ती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने मिळाली. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरचा परवाना १९६३ सालीच रद्द झाला होता. जुन्या कृती करून पाहण्याचा छंद फोफावला तो यानंतर, आणि त्याच्या हाताशी हा डबा होता.

१५/
डब्यामुळे माल्ट भिजवण्याची सगळी पायरीच गळाली. सोय झाली, पण जुन्या कृतीतील खास धान्यांची चव डब्यात नव्हती. त्यातून मधला मार्ग निघाला : पार्शल मॅश. आपण त्याला 'अर्धी भिजवण' म्हणू. चव देणारी धान्ये आणि त्यांच्या मदतीला थोडा विकरयुक्त फिकट माल्ट एवढेच घरच्या लहान पातेल्यात भिजवायचे. उरलेली साखर डब्यातील रसाने भरून काढायची.

काही शुद्धतावादी याला भेसळ म्हणतात. मला ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला फार उपयोगी वाटते, कारण ती आपल्याला एक प्रश्न टाळू देत नाही : मूळ कृतीतील धान्याने नेमकी किती साखर दिली असेल?

१६/
हिशेब बघा. १.०४५ घनतेच्या रसाला ४५ गुण म्हणू. वीस लिटरला २० × ४५ = ९०० गुण हवेत. एक किलो चांगल्या फिकट माल्टमध्ये जास्तीत जास्त सुमारे ३०० गुण असतात. घरच्या भांड्यात त्यांपैकी ७५ टक्के उतरले तर २२५. म्हणजे चार किलो माल्ट लागला.

पातेल्यात दीडच किलो मावत असेल तर त्याचे सुमारे ३३७ गुण मिळतील. राहिले ५६३. सुक्या माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या किलोत सुमारे ३७० गुण असतात. तो दीड किलोहून किंचित अधिक घालावा.

आता ७५च्या जागी ६० टक्के धरा. मूळच्या त्याच चार किलोंतून ७२० गुणच येतात आणि बिअर १.०३६ची होते. धान्याचे वजन तसूभरही न बदलता पेय बदलले. कृतीत लिहिलेले वजन आपण पाहतो. त्यातून उतरलेला अंश कृतीत लिहिलेला नसतो.

१७/
अर्ध्या भिजवणीत आणखी एक फसगत होते. पातेले लहान म्हणून दहाच लिटर रस उकळायचा आणि नंतर पाणी घालून वीस करायचे, ही सर्रास रीत. पण ९०० गुण दहा लिटरांत कोंबले की रस १.०९०चा होतो. आजच्या प्रचलित सूत्रांनुसार १.०४५च्या तुलनेत अशा दाट रसात हॉप्सचा कडवटपणा सुमारे एक-तृतीयांशाने कमी उतरतो. उपाय असा की डब्यातील रसाचा बराचसा भाग उकळीच्या अखेरीस घालावा.

हे ओळखीचे वाटते ना? वॉशिंग्टनच्या नोंदीतही गोडी शेवटीच पडते. त्याने हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवून केले असे मी म्हणणार नाही. पण क्रम जपला तर त्यातील शहाणपण आपोआप जपले जाते.

१८/
आता व्हर्जिनियाचाच दुसरा गृहस्थ. १८२१मध्ये जेम्स बार्बर याने माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याच्याकडे बिअरची कृती मागितली. जेफर्सनने कळवले की आपल्याकडे कृती नाही, आणि नुसत्या कृतीवरून माल्ट व बिअर नीट साधेल याबद्दल आपल्याला शंकाच आहे. पुस्तकावरून शिकायचेच तर कोम्ब्रूनचे पाहावे. दोन-तीन घाणे वाया गेल्यावर कदाचित जमेल. त्यापेक्षा तुमचा माणूस इकडे पाठवा.

ज्या माणसाने आयुष्यभर बारीकसारीक नोंदी ठेवल्या, तो इथे लिहून देण्याचे नाकारतो. पण त्याच पत्रात एक प्रमाण देऊन जातो : आम्ही गव्हाच्या एका बुशेलमागे आठच गॅलन काढतो, सार्वजनिक कारखाने पंधरा काढतात, म्हणून त्यांचे पेय पातळ आणि बेचव.

१९/
माझ्या मते त्या पत्रातील 'आठ आणि पंधरा' ही जोडी वॉशिंग्टनच्या साऱ्या नोंदीहून मोलाची आहे. ती नक्की दाटपणा सांगत नसेल, पण तुलना सांगते, आणि तुलना भांडे ओलांडते.

ती वीस लिटरमध्ये उतरवून पाहू. बुशेल सुमारे ३५.२ लिटरचा. आठ गॅलन वाइनच्या मापाने ३०.३ लिटर, एलच्या मापाने ३७. म्हणजे वीस लिटर पेयाला पहिल्या हिशेबाने २३ लिटर धान्य, दुसऱ्याने १९. लिटरभर माल्टचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक धरले, तर दहा ते बारा किलो.

बारा किलो माल्टला किलोमागे तीन लिटर पाणी म्हटले तरी ३६ लिटर होते. घरात हे भांडे नाही. तीन किलो भिजवायचा आणि नऊ किलोंची भरपाई डब्यातून करायची. ७५ टक्के उतारा धरला तर सुका एक्स्ट्रॅक्ट साडेपाच किलो. ६० टक्के धरला तर ४.४ किलो.

२०/
कोणता आकडा खरा? पत्रातून तो निघत नाही. तो मॉन्टिसेलोच्या त्या भांड्यांशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होता.

त्या माणसाचे नाव पीटर हेमिंग्ज. तो जेफर्सनचा गुलाम, आधी स्वयंपाकी. जोसेफ मिलर हा लंडनचा मुरलेला बिअरवाला १८१३च्या सुमारास त्या परिसरात होता, त्याने पीटरला माल्ट आणि बिअर दोन्ही शिकवले. पत्रात जेफर्सन त्याला 'नोकर' म्हणतो आणि त्याच्या बुद्धीची व चिकाटीची तोंडभरून स्तुती करतो. त्याआधी १८२०मध्ये मॅडिसनलाही त्याने कळवले होते की आमचा बिअर करणारा विलक्षण हुशार आहे, तुमचा माणूस शिकायला पाठवा.

शिकवणारा तो, मोजणारा तो, चूक सुधारणारा तो. आणि जेफर्सनच्या मृत्यूनंतर १८२७च्या लिलावात तो विक्रीला निघाला. त्याच्या एका मुक्त नातलगाने त्याला एका डॉलरला घेतले.

२१/
म्हणून 'जेफर्सनची अस्सल बिअर' असे शीर्षक पाहिले की मला अडखळायला होते. ती जेफर्सनची नाही. ती पीटर हेमिंग्जची. आणि अस्सलही नाही, कारण तिचा उतारा, तिचे यीस्ट, तिचा गहू आपण कल्पिलेला आहे.

मग करूच नये का? असे मी मुळीच म्हणत नाही. ब्रिटनमधील डर्डन पार्क बिअर सर्कल या हौशी मंडळाने १९७०च्या दशकापासून जुन्या कारखान्यांच्या नोंदी एका गॅलनच्या घाण्यात उतरवून लोकांसमोर ठेवल्या. त्यातून लुप्त झालेल्या चवींविषयी पुष्कळ कळले. घाणा लहान करणे हे पाप नाही. लहान केल्याचे लपवणे हे पाप आहे.

२२/
माझी सूचना तीन रकान्यांची आहे. पहिल्यात मूळ साधन काय म्हणते ते, त्याच्याच मापांत. दुसऱ्यात मी काय बदलले आणि कोणत्या गणिताने. तिसऱ्यात मी काय गृहीत धरले : कोणता गॅलन, किती टक्के उतारा, कोणते धान्य.

दुसरा रकाना हुशारी दाखवतो, तिसरा इमान. उद्या कोणाला मॉन्टिसेलोच्या भांड्याचे माप सापडले, तर तिसऱ्या रकान्यातील एक ओळ बदलून सगळे नव्याने मांडता येईल. तिसरा रकाना नसेल, तर सगळेच फेकून द्यावे लागेल.

२३/
आता आपल्या अंगणात. समाजमाध्यमांवर दर आठवड्याला एखादी पोस्ट फिरते : शिवकाळातील एक होन म्हणजे आजचे इतके रुपये, म्हणून अमुक लुटीची आजची किंमत इतके कोटी. एका गुणाकारात साडेतीनशे वर्षे ओलांडली जातात. सोन्याच्या भावाने मोजायचे की धान्याच्या, की पायदळाच्या महिन्याच्या पगाराने? प्रत्येक मापाने उत्तर वेगळे येते, आणि तिसरा रकाना कुठेच नसतो.

हीच ती वीस लिटरची चूक. घोड्यांची संख्या, गडावरील धान्याचा साठा, कूचाचे कोस. हे आकडे उचलताना विचारा : कोणते माप, कोणत्या टप्प्यावर मोजलेले, आणि यातले काय प्रमाणात वाढते, काय वाढत नाही? दहा हजारांची फौज म्हणजे हजारांच्या फौजेची दहापट नव्हे. तिचा दाणागोटा, तिचा वेग, तिची वाट सगळेच निराळे.

२४/
जुन्या कागदावरचा आकडा हा कोणाच्या तरी भांड्यातला आकडा असतो. ते भांडे आपल्याकडे नाही, ते धान्य नाही, आणि ढवळणारा हात तर नाहीच. आपल्याकडे आहे ते प्रमाण, क्रम, अवस्थेच्या खुणा आणि कबुली देण्याची तयारी. एवढ्यावर बरेच काही साधते.

पुढच्या वेळी कोणी 'अस्सल जुनी कृती' म्हणून काही पुढे केले, मग ती बिअर असो, मसाला असो वा एखाद्या लढाईचा हिशेब, तर चव घेण्याआधी तिसरा रकाना मागा.

बहुत काय लिहिणे. आपण सुज्ञ असा. लेखनसीमा.